पुढे कोण?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत एस्प्लनेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला इंजिनीअर. रुळ तपासायचा, नोंद करायची, सही करायची, एवढेच मला येते. त्यामुळे सेक्रेटरींनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी 'सायकल' म्हणून मोकळा झालो. ते हसले. पण विषय सायकलचा असला तरी मला बोलायचे आहे ते सायकल चालवणाऱ्या नवरा-बायकोबद्दल, म्हणजे थोडेफार आपल्या सर्वांबद्दल.

आपण जमलो आहोत तो एस्प्लनेडचा परिसर म्हणजे निघण्याची जागा. भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या टप्प्यावर धावली. पण त्याच्या कितीतरी आधी, १२ डिसेंबर १९२६ रोजी, इथल्याच एस्प्लनेड रोवरील टाऊन हॉलपासून चार बंगाली तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यातले बिमल मुखर्जी १९३७ साली परत आले आणि त्यांनी 'दु चाकाय दुनिया' हे पुस्तक लिहिले. आपली मुंबईही मागे नव्हती. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण मुंबईहून निघाले होते, त्यातले हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून घरी पोहोचले.

ही सगळी नावे पुरुषांची, बहुतेक अविवाहित तरुणांची. मला उत्सुकता होती ती जोडप्याची. नवरा-बायको घर सोडून वर्षानुवर्षे सायकलवर राहिले, असे कोणी आहे का? शोधता शोधता एक नाव सापडले आणि ते थेट आपल्या देशाशी जोडलेले निघाले.

फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती डॉ. विल्यम हंटर वर्कमन हे ते अमेरिकन जोडपे. फॅनीबाई मॅसॅच्युसेट्सच्या एका माजी गव्हर्नरांच्या कन्या. डॉक्टरांनी प्रकृतीच्या कारणाने व्यवसाय सोडला आणि कुटुंब युरोपात राहायला गेले. १८९३ साली त्यांचा लहान मुलगा आजारपणात दगावला. त्यानंतर दोघांनी जणू घर असे ठेवलेच नाही. आधी अल्जीरिया, मग १८९५ साली स्पेन, आणि १८९७ साली सिलोनमार्गे हिंदुस्थान. तेव्हा बाई ३८ वर्षांच्या होत्या आणि डॉक्टर ५० चे. म्हणजे या सभागृहातल्या पुष्कळांच्या वयाचे!

कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत हे दोघे सायकलने गेले. सामान म्हणजे चहा, साखर, बिस्किटे, डबाबंद मांस, प्रत्येकी एक घोंगडी, औषधे आणि पंक्चरचे साहित्य. रात्री डाकबंगल्यात, आणि तो नसेल तिथे रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. आपल्या खात्याने त्यांना निवारा दिला! उन्हाळ्यात मैदानात सायकल चालवणे अशक्य झाले की ते डोंगरात जात. तिथूनच त्यांना हिमशिखरांचे वेड लागले. सिलोन, ब्रह्मदेश, जावा धरून या प्रवासावर त्यांनी १९०४ साली जे पुस्तक काढले, त्याच्या शीर्षकातच चौदा हजार मैल हा आकडा आहे. म्हणजे सुमारे साडेबावीस हजार किलोमीटर.

त्यांचा उदोउदो करावा असे सगळेच नाही. गाठीला वाडवडिलांचा पैसा होता, गोऱ्या कातडीला त्या काळी सगळी दारे उघडी होती. मुलगी मागे, दुसऱ्यांच्या देखरेखीखाली वाढली. हमालांशी त्यांचे सतत खटके उडत आणि त्यांच्याविषयी ते फार कठोर लिहितात. भटकणाऱ्याच्या मागे ओझे वाहणारे आणि घर सांभाळणारे कोणीतरी असतेच, हे त्यांच्या गोष्टीतून उघड दिसते.

पण एक गोष्ट मला विलक्षण वाटली. १८९८ ते १९१२ या काळात त्यांनी हिमालय आणि काराकोरममध्ये आठ मोहिमा केल्या. त्यात दोघांनी कामाची पाळी लावून घेतली होती. एका वर्षी मोहिमेची सगळी व्यवस्था बाई बघणार, डॉक्टर छायाचित्रे आणि मोजमापे करणार. पुढच्या खेपेला उलट. सियाचेन हिमनदीच्या मोहिमेच्या प्रमुख फॅनीबाई होत्या, आणि १९१२ साली तिथे सुमारे २१ हजार फुटांवर स्त्रियांना मताधिकार मागणारे वर्तमानपत्र हातात धरून त्या उभ्या राहिल्या. तो फोटो यजमानांनीच काढला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक नवरा म्हणतो, यंदा तू पुढे, मी कॅमेरा धरतो!

आता घरची गोष्ट सांगतो. आमची सौ. समोरच बसली आहे, तिची परवानगी घेतली आहे.

लग्नाआधी ती जळगावला मराठी शाळेत शिक्षिका होती. मी भरतीच्या परीक्षेतून पूर्व रेल्वेत लागलो, म्हणून तिने नोकरी सोडली. आसनसोल, मालदा आणि आता कोलकाता, अशी तीन क्वार्टर झाली. बदलीचा कागद दर वेळी माझ्या नावाचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेच आहे, म्हणून त्यात काही वेगळे वाटत नाही. गेल्या वर्षी मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठे वाटू लागले. तेव्हा आम्ही दोन जुन्या गिअरच्या सायकली घेतल्या, एक तंबू घेतला, आणि फाल्गुनात चार दिवसांसाठी पुरुलियाच्या अयोध्या पहाडावर जायचे ठरवले. सायकली ब्रेकव्हॅनमध्ये बुक केल्या, पावती घेतली आणि रात्रीच्या गाडीत बसलो.

पळस ऐन भरात होता. लाल माती, लाल झाडे. पहिल्या दिवशी अर्थातच मी पुढे. पहिला थांबा कुठे, जेवण किती वाजता, सगळे वहीत लिहिलेले. सिरकाबादहून चढ सुरू झाला. वेळापत्रक चुकू नये म्हणून मी भर दुपारी चढत राहिलो. मागे वळून पाहिले तर सौ. दिसेना. दोन वळणे खाली आलो तर ती झाडाखाली बसलेली, तोंड लाल, आणि दोघांच्याही बाटल्या रिकाम्या.

त्या डोंगरावर सीताकुंड आहे. वनवासात सीतेला तहान लागली तेव्हा रामाने बाण मारून पाणी काढले, अशी तिथली कथा. मी ती तिला ऐकवू लागलो. ती म्हणाली, "अहो, रामाने बाण मारला. तुम्ही निदान दोन बाटल्या जास्त घ्यायच्या होत्या. उद्या मी पुढे."

दुसऱ्या दिवशी ती पुढे. पहाटे निघाली, ऊन चढायच्या आत थांबली. विहिरीवरच्या बायकांशी बांगलात बोलून पुढचे पाणी कुठे ते विचारून घेतले. बावीस वर्षे इथे राहून माझी बांगला कामगारांशी बोलण्यापुरती, तिची मात्र बाजारात, डॉक्टरकडे, शाळेच्या फाटकाशी तयार झालेली. संध्याकाळी एका शाळेच्या आवारात तंबू टाकायची परवानगी तिनेच मिळवली. मी शिक्षिका होते, एवढे तिने सांगितले आणि हेडमास्तरांनी कुलूप काढून व्हरांडाही दिला. तिसऱ्या दिवशी बाघमुंडीकडे उतरलो, चारिदा गावात छाऊचे मुखवटे पाहिले, आणि चौथ्या दिवशी बराभूम स्टेशनवर गाडी धरली. पंक्चर दोन झाली, ती मी काढली. पाळी म्हणजे पाळी!

त्या व्हरांड्यात रात्री मला झोप लागली नाही. नवी जागा, अनोळखी माणसे, आणि तासाभरात तिने तिथे बिऱ्हाड थाटले होते. मग आठवले, आसनसोलला हेच, मालद्याला हेच. बदलीचा कागद माझा असे, पण प्रत्येक मुक्कामी पुढे तीच होती. मी फक्त ते कुठल्या वहीत नोंदवले नव्हते.

तिची आई जळगावला आता एकटी असते. "आपण तिकडे जाऊ या का?" असे ती तीन वर्षांपूर्वी एकदाच म्हणाली. रेल्वेतल्या मित्रांना माहीत आहे, स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या झोनमध्ये गेले की ज्येष्ठतेच्या यादीत तळाला जावे लागते. माझ्या बाबतीत पदही एक पायरी खाली येईल. या कारणासाठी मी विषय टाळत आलो. कारण खोटे नव्हते. पण हिशेब मी एकट्याने केला होता आणि त्यात तिच्या सोडलेल्या नोकरीचा रकाना नव्हता.

गेल्या महिन्यात मी मध्य रेल्वेसाठी अर्ज दिला. केव्हा मंजूर होईल ते बाप्पालाच ठाऊक. या शहराने आणि या मंडळाने आम्हांला घरच्यासारखे ठेवले, ते सोडताना जड जाईल. पण यंदा तिची पाळी आहे.

तुम्ही नोकरी सोडून तंबू घेऊन भटका, असे माझे मुळीच सांगणे नाही. आपण आपल्या गावापासून दीड-दोन हजार किलोमीटरवर राहणारी माणसे, भटके आहोतच. फक्त आज घरी गेल्यावर एकमेकांना एवढे विचारा, की आजवर पुढे कोण होते आणि आता पाळी कोणाची?



गणपती बाप्पा मोरया!