फाईल तळापासून वाचावी



कायद्याची ताकद काय असते, हे करवीरनगरीने, म्हणजे कोल्हापूरने, फार पूर्वी अनुभवले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. १९१९ मध्ये घरातल्या छळापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा आला. करवीर गॅझेटात छापलेल्या चार ओळींनी इथल्या घराघरांत बदल घडवला.

आता या परंपरेत नवी भर पडली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी कित्येक दशके लढा दिला. अपिलासाठी मुंबई गाठायची, मुक्काम करायचा आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे, हा खर्च आणि ही दगदग त्यांनी वर्षानुवर्षे सोसली. कायद्याच्या विद्यार्थ्याचाही यात मोठा लाभ आहे. दुपारी तास संपवून उच्च न्यायालयातला युक्तिवाद ऐकायला जाणे आता इथल्या मुलाला शक्य झाले आहे.

पण तो जातो का, हा खरा प्रश्न आहे.

परीक्षा तोंडावर आली की गाइड, झेरॉक्सच्या नोट्स आणि गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढ्यावर वर्ष काढणारे विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात असतात. त्यांच्यापुढे विधी विद्यार्थ्यांच्या या मेळाव्याची स्वागत समिती आग्रहाने एकच गोष्ट ठेवू इच्छिते. मूळ वाचावे. कलम मुळातून, निकाल पूर्ण आणि फाईल तळापासून.

पूर्ण निकाल वाचण्यातून काय घडू शकते, याचे उदाहरण याच राज्यातले आहे. १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात त्यांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा त्या निकालाचा सूर होता. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी तो निकाल बारकाईने वाचला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघे. संमती वेगळी आणि भीतीने शरण जाणे वेगळे, हा मुद्दा मांडणारे खुले पत्र त्यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे पीडितेने न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. हेडनोट वाचून थांबणाऱ्याच्या हातून असे पत्र लिहून होत नाही.

फाईलचेही तेच. वाटपाच्या दाव्याची एखादी जुनी फाईल सीनियरच्या टेबलावरून उचलावी. तळाशी निशाणी १ ला दावा, पुढे वंशावळ, सातबारा, फेरफार. निशाणी ५ ला तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. मग प्रतिवादीचे वकीलपत्र, कैफियत, काढलेले मुद्दे, सरतपासणी, उलटतपासणी. सोबत रोजनामा. कैफियत ३० दिवसांत आणि फार तर ९० दिवसांत द्यावी, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत कोणीही वाचतो. रोजनाम्यात मात्र ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे कैफियत आली नसल्याचा, हुकूम दिसतो, तो रद्द करण्याचा अर्ज दिसतो आणि त्यात गेलेले महिने दिसतात. ज्या बहिणीने हिस्सा मागितला, तिचे वय दाव्याच्या वेळी ४० आणि साक्षीच्या वेळी ५० झालेले असते. अशी एक फाईल नीट वाचलेल्या विद्यार्थ्याला ‘विलंब’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी हेच मागितले आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे इंटर्नशिप हवी. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंद ठेवायची असते. मित्राची जर्नल उतरवून काढली की गुण मिळतील, पण न्यायालयात उभे राहायचा धीर येणार नाही.

करिअरचा विचार करताना काही तारखा पाठ असाव्यात. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वकिलीच्या सनदेच्या नोंदणीचे शुल्क कायद्यातल्या ७५० रुपयांवर, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणले. गरीब घरातल्या मुलामुलींसाठी हा मोठा दिलासा आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पदवी घेऊन थेट या परीक्षेच्या क्लासला बसणाऱ्यांनी या निकालाकडे संधी म्हणून पाहावे. तालुक्याच्या कोर्टात जामिनाचे अर्ज चालवलेला माणूस न्यायासनावर बसला, तर समोरच्या आरोपीच्या आईची घालमेल त्याला समजते. सहायक सरकारी अभियोक्ता, विधी सेवा प्राधिकरणाचे लोक अभिरक्षक, बँकांचे विधी अधिकारी, मध्यस्थ अशा वाटाही आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम आता १०३ झाले. पण त्या तारखेपूर्वीचे गुन्हे जुन्याच दंड संहितेखाली चालतात. म्हणून जुने बेअर ॲक्ट रद्दीत घालू नयेत, पुढची अनेक वर्षे दोन्ही लागतील. एआयला विचारून निवाडे शोधणाऱ्यांनी २०२३ मधला न्यूयॉर्कचा प्रसंग आठवावा. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी न्यायालयात दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. निवाडा उघडून वाचला असता, तर हे टळले असते.

भाषेचा न्यूनगंड तर कोणीच बाळगू नये. उच्च न्यायालयासाठी इंग्रजी कमवावीच लागेल, रोज एक निकाल मोठ्याने वाचून ती येते. पण तालुका आणि जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे. पक्षकार आपले दुःख मराठीत सांगतो. ते नेमक्या मराठीत दाव्यात उतरवणे हे कौशल्यच आहे.

दोन दिवसांच्या या मुक्कामात राहण्या-जेवण्याच्या व्यवस्थेत काही उणीव राहिली, तर ती मोठ्या मनाने पोटात घालावी. उद्या सकाळी साडेदहाला विद्यार्थ्यांचे गट कसबा बावड्याच्या रस्त्यावरील जिल्हा न्यायालयात जातील. प्रत्येकाला दारातच एक कोरी वही मिळेल. बोर्डावरचे एक प्रकरण निवडायचे, ते दिवसभर पाहायचे, मोबाइल बंद ठेवायचा आणि संध्याकाळच्या सत्रात त्या वहीतून वाचून दाखवायचे. स्वागत समिती त्या वह्यांची उत्सुकतेने वाट पाहत आहे.