आधार देणाऱ्या हातांचा विमा



छत्रपती संभाजीनगर शहरात उजाडते तेव्हा वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांची पहिली पाळी भरण्याची वेळ झालेली असते. कंपन्यांच्या बसगाड्या चौकाचौकांतून कामगारांना घेऊन निघतात. त्याच सुमारास मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, हर्सूल अशा वस्त्यांतून काही स्त्रिया आणि काही पुरुष सिडकोतील व गारखेड्यातील घरांकडे पायी किंवा रिक्षाने निघालेले असतात. एका घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात. दुसऱ्या घरी सेरेब्रल पाल्सी असलेली सोळा वर्षांची मुलगी. तिसऱ्या घरी मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीत बसलेला तरुण. त्यांना उठवणे, स्नान घालणे, कपडे बदलणे, घास भरवणे, शौचास नेणे, व्यायामोपचारासाठी घाटी रुग्णालयात नेऊन परत आणणे, ही या मंडळींची कामे. कागदोपत्री त्यांना परिचर म्हणावे. घरोघरी मात्र त्यांना ‘मावशी’ किंवा ‘मामा’ म्हणतात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांच्यापैकी ज्यांना दुसऱ्याच्या हाताशिवाय दिवस काढता येत नाही, त्यांचे जगणे या परिचरांवर आणि घरातील माणसांवर उभे असते. ज्या हातांनी दुसऱ्याला आधार द्यायचा, तेच हात एखाद्या दिवशी निकामी झाले तर त्यांना आधार कोणाचा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

तीन आठवड्यांचा हिशेब

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, अंथरुणावरील माणसाला उचलून खुर्चीत बसवताना एका मावशींच्या कंबरेत उसण भरली. डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. दोन घरे मिळून त्यांची दिवसाची कमाई ५०० रुपये धरली, तर २१ दिवसांत १०,५०० रुपये बुडाले. औषधोपचाराचा खर्च वेगळाच. घरभाडे, किराणा, मुलांची शाळा यांपैकी काहीही तीन आठवडे थांबत नाही. पुष्कळदा दुसरी बाई ठेवली जाते आणि बरे वाटल्यावर ते घरही हातचे गेलेले असते.

आता त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या, वाळूजच्या कारखान्यात त्याच मजुरीवर काम करणाऱ्या कामगाराला कामावर अशी इजा झाली असे समजा. तो राज्य कामगार विमा योजनेत असेल, तर कामावरील इजेमुळे आलेल्या तात्पुरत्या असमर्थतेच्या काळात त्याला वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळू शकतो. म्हणजे या हिशेबाने सुमारे ९,४५० रुपये. साध्या आजारपणातही, अंशदानाच्या अटी पूर्ण झाल्या असल्यास, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के आजारलाभाची तरतूद आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांसाठी आहे. १ जुलै २०१९ पासून तिच्यात मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के ठेवण्यात आला.

मावशींची कंबर आणि कारखान्यातील कामगाराची कंबर यांत काही फरक नाही. फरक इतकाच की, एकाला मालक आहे आणि दुसरीला दोन-तीन घरे आहेत. त्यांतील एकही घर कायद्याच्या अर्थाने तिचा मालक होत नाही.

ब्युरोमार्फत काम मिळवणाऱ्यांनी येथे एक गोष्ट नीट विचारून घ्यावी. ब्युरो केवळ गाठ घालून देतो आणि दलाली घेतो, की स्वतः कामावर ठेवून वेतन देतो? ब्युरोच मालक असेल आणि त्याच्याकडे दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील, तर कामगार विम्याचा प्रश्न उपस्थित होतो. केवळ गाठ घालून देणारा असेल, तर परिचर हा स्वयंरोजगारीच राहतो.

आज जे उपलब्ध आहे

स्वयंरोजगारी परिचरासाठी काहीच नाही, असे मात्र नाही. अल्प खर्चाच्या काही योजना उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग कोठपर्यंत आहे, हे नेमके माहीत असणे अगत्याचे आहे.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या, बँकेत किंवा टपाल कार्यालयात बचत खाते असलेल्या व्यक्तीस सहभागी होता येते. वार्षिक हप्ता प्रारंभी १२ रुपये होता. १ जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख रुपये आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयापर्यंत नाव नोंदवता येते. तिचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये असून कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. मात्र नव्याने नाव नोंदविल्यापासून पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने आलेल्या मृत्यूस हे संरक्षण लागू होत नाही. दोन्ही योजनांचे विमावर्ष १ जून ते ३१ मे असते. मेअखेरीस खात्यात पुरेशी रक्कम नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण खंडित होते. एवढ्या लहानशा हलगर्जीपणामुळे एखाद्या कुटुंबाचे दोन लाख रुपये बुडू शकतात.

उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे एकत्रित संरक्षण आहे. राज्यातील कुटुंबांसाठी ते दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले असून शिधापत्रिका हा त्याचा मुख्य आधार आहे. योजनेतील रुग्णालयांत ठरावीक उपचार रोख पैसे न भरता होतात. वृद्धापकाळासाठी अटल पेन्शन योजना आणि २०१९ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे. दुसऱ्या योजनेत १८ ते ४० वयात, दरमहा १५,००० रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या असंघटित कामगाराने वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरले तर तेवढीच रक्कम केंद्र शासन भरते आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते.

घरकामाबरोबर शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांनी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडील नोंदणीचीही चौकशी कामगार कार्यालयात करावी. २००८ च्या अधिनियमाने हे मंडळ निर्माण झाले. अपघातप्रसंगी साहाय्य, वैद्यकीय खर्च, प्रसूतिलाभ, मुलांचे शिक्षण आणि अंत्यविधीचा खर्च ही त्या अधिनियमातील लाभांची क्षेत्रे आहेत.

आता पुन्हा त्या तीन आठवड्यांकडे वळू. मावशींचा मृत्यू झालेला नाही, हात किंवा पाय गेलेला नाही, रुग्णालयात दाखल होण्याचीही गरज पडलेली नाही. म्हणजे सुरक्षा विम्याचा उपयोग नाही, जीवन विम्याचा नाही आणि आरोग्य योजनेचाही नाही. मरण आणि कायमचे अपंगत्व यांचा विमा आज ४५६ रुपयांत निघतो. परंतु बुडालेल्या दिवसांची भरपाई यांपैकी कोणत्याही योजनेत नाही. परिचराच्या आयुष्यात मात्र वारंवार येणारे संकट नेमके हेच असते.

बुडालेल्या रोजाची भरपाई

ही उणीव काही अंशी भरून काढणारा एक मार्ग विमा बाजारात आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ‘सरल सुरक्षा बिमा’ या नावाची प्रमाणित वैयक्तिक अपघात पॉलिसी ठरवून दिली आणि १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांनी ती देऊ करावी असे सांगितले. तिची किमान विमा रक्कम अडीच लाख रुपये आहे. जादा हप्ता भरून तिच्यात तात्पुरत्या पूर्ण असमर्थतेचे कलम घेता येते. अपघाती इजेमुळे काम करणे अशक्य झाल्यास दर आठवड्याला मूळ विमा रकमेच्या ०.२ टक्के इतकी रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते. अडीच लाखांवर आठवड्याला ५०० रुपये आणि दहा लाखांवर २,००० रुपये, असा हा हिशेब आहे. हे संरक्षण अपघाताचे आहे, आजाराचे नाही. हे कलम ऐच्छिक असल्याने ते मागून घ्यावे लागते, आणि पॉलिसी घेण्यापूर्वी इजेची व्याख्या वाचून पाहावी लागते.

दुसरा मार्ग सहकाराचा आहे. गुजरातमधील ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेने १९९२ पासून आपल्या सभासदांसाठी विम्याचे काम सुरू केले आणि पुढे त्यासाठी स्वतंत्र सहकारी संस्था उभी राहिली. पुण्यात अन्नपूर्णा परिवाराने वस्त्यांतील कष्टकरी स्त्रियांसाठी परस्पर साहाय्याचा निधी चालविला. अशा निधीचे तत्त्व सोपे आहे. शंभर जणींनी थोडे थोडे घालायचे आणि ज्या पाच जणींवर वेळ येईल त्यांना त्यातून द्यायचे. ज्या राज्याला बचत गट घरोघरी ठाऊक आहेत, त्या राज्यात हा विचार परका नाही.

माथाडी कायद्याचा धडा

ज्याला एक ठरावीक मालक नाही त्याला संरक्षण देता येत नाही, हे म्हणणे निदान महाराष्ट्राला शोभणारे नाही. मोंढ्यातील हमाल सकाळी एका अडत्याची पोती उचलतो आणि दुपारी दुसऱ्याची. त्याचाही मालक एक नसतो. तरीही १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा अधिनियम केला. कामगाराची आणि मालकाची नोंदणी मंडळाकडे झाली. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, पगारी सुट्टी अशा सोयी करायच्या, अशी रीत पडली. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांनी उभ्या केलेल्या चळवळी होत्या.

पोते उचलणाऱ्यासाठी जे झाले ते माणूस उचलणाऱ्यासाठी जसेच्या तसे होईल असे नाही. अडत्या हा व्यापारी असतो. दिव्यांग व्यक्तीचे कुटुंब स्वतःच खर्चाने वाकलेले असते. म्हणून येथे शासनाचा वाटा असणे न्याय्य ठरते. त्याचा धागा कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने वेतन घेऊन अथवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणाऱ्याची व्याख्या केली आहे आणि अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख कलम २४ मध्ये केला आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० चा अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. तिच्या कलम ४५ नुसार कामगार विम्याचे लाभ असंघटित कामगारांना देण्यासाठी केंद्र शासनास योजना आखता येते. आजारपणातील मिळकतीचे संरक्षण परिचरांपर्यंत पोहोचवण्याचा दरवाजा तोच आहे. तो उघडायचा तर असे परिचर किती, कोठे आणि कोणत्या अवस्थेत काम करतात, याची नोंद आधी हवी.

प्रत्येकाचा वाटा

नोंदीचे काम आजच करता येण्यासारखे आहे. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारास विनामूल्य नाव नोंदवून बारा अंकी क्रमांक मिळवता येतो. तेथे व्यवसाय लिहिताना नुसते ‘मजूर’ न लिहिता शुश्रूषेचे काम स्पष्ट नोंदवावे. जी माणसे नोंदीत नसतात, त्यांच्यासाठी योजना आखली जात नाही.

शिक्षकांनी शाळेतील दिव्यांग मुलांच्या घरी कोण काळजी घेते हे विचारावे आणि त्या व्यक्तीला अर्ज भरण्यास मदत करावी. दावा बहुधा कागदावरच अडतो. वारसाचे नाव आणि खाते पुस्तकातील नाव जुळते की नाही, एवढे पाहणेही मोलाचे आहे.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, योग्य उंचीचा पलंग अशी साधने दिली गेली तर दिव्यांग व्यक्तीची सोय होते, तशीच तिला उचलणाऱ्याची कंबरही वाचते. इजा टाळणे हा सर्वांत स्वस्त विमा होय. जड व्यक्तीला एकट्याने उचलू नये, घरातील दुसऱ्या माणसाने हात द्यावा, एवढा नियम प्रत्येक घराला पाळता येईल.

आणि कुटुंबांनी? सुरक्षा विमा आणि जीवन विमा मिळून वर्षाला ४५६ रुपये होतात, म्हणजे महिन्याला ३८ रुपये. दोन घरांनी वाटून घेतले तर प्रत्येकी १९ रुपये. पगार ठरवताना हा हप्ता, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षातून काही दिवसांची पगारी आजारपणाची रजा एका कागदावर लिहून घ्यावी. त्याला शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मावशी एक दिवस आल्या नाहीत तर घराचे काय होते, हे त्या घराला चांगले ठाऊक असते. त्या तीन आठवडे येऊ शकल्या नाहीत तर त्यांच्या घराचे काय होते, हेही त्याच घराने एकदा जाणून घ्यावे.