वांड नायकाचे आकर्षण



कथा-कादंबऱ्यांतला आणि नाटकांतला वांड नायक हा आजचा विषय पत्रिकेत वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंत व्याख्यानमालेत राज्यघटनेवर बोलावे, ज्ञानेश्वरीवर बोलावे, पाणीपुरवठ्यावर बोलावे. उडाणटप्पू पोरांवर एक संध्याकाळ कशाला खर्च करायची? पण घरोघरी एक तक्रार ऐकू येते. आमच्या मुलींना शहाणासुरता, अभ्यासू नायक मिळमिळीत वाटतो, आणि कुणी केस विस्कटलेला, कायदा धाब्यावर बसवणारा पडद्यावर आला की त्या खूष होतात. जणू हे सारे कालपरवाच्या सिनेमाने आणि हातातल्या मोबाइलने शिकवले!

तक्रार करणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की १९६६ साल तुम्ही विसरलात का? त्या वर्षी वसंत कानेटकरांचे 'अश्रूंची झाली फुले' रंगभूमीवर आले. नाटक आहे प्राध्यापक विद्यानंदांचे. ध्येयवादी, निःस्पृह असा हा शिक्षक प्रभाकर पणशीकर उभा करीत. आणि लोक जात कुणासाठी? लाल्यासाठी! काशिनाथ घाणेकर नावाच्या दंतवैद्याने हा कॉलेजातला गुंड विद्यार्थी असा काही रंगवला, की त्याच्या प्रवेशाला नाट्यगृह दणाणून जाई. जाहिरातीत इतर नटांची नावे संपली की शेवटी 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' असे छापले जाई. २०१८ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा त्या 'आणि'लाच चित्रपटाच्या नावात मानाची जागा मिळाली. घाणेकर १९८६ साली गेले, तरी आज आजी झालेल्या बायका लाल्याचे नाव निघाले की जरा सावरून बसतात. तेव्हा नातीला बोल लावण्याआधी आजीला विचारावे.

याच घाणेकरांनी श्री. ना. पेंडशांचा बापूही रंगवला. 'गारंबीचा बापू' ही कादंबरी १९५२ ची. गावाने ओवाळून टाकलेला हा पोर खोताला जुमानत नाही, लोकलाजेला भीक घालत नाही आणि राधेवरचे आपले प्रेम लपवत नाही. कोकणातल्या त्या चिमुकल्या गावात सगळे मान खाली घालून वागतात. बापू तेवढा ताठ उभा राहतो. वाचणाऱ्या मुलीला त्याचा वांडपणा आवडतो असे आपण म्हणतो. मला वाटते, तिला त्याची ताठ मान आवडते. जिला घरात मोठ्याने हसायचीही चोरी, तिने भर चौकात हसणाऱ्या माणसाकडे पाहत राहावे, यात नवल ते काय? तिला तो नुसता हवासा वाटत नाही. क्षणभर आपणच तो व्हावे असेही वाटते. ही गोष्ट आपले नीतिवादी टीकाकार फारशी ध्यानात घेत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग वाईटपणाच आवडतो असे म्हणा ना! तसे असते तर शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तल्या शकारावरही मुली भाळल्या असत्या. गो. ब. देवलांनी हे नाटक मराठीत आणले, तेव्हापासून आपण शकाराला हसत आलो आहोत. तो राजाचा मेव्हणा, सत्तेच्या जिवावर गुरगुरणारा. त्याच नाटकात शर्विलक आहे. हा तर सरळसरळ चोर! चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडताना तो जानव्याने माप घेतो. तरी त्याच्यावर लोभ जडतो. त्याच्या अंगी कसब आहे, आपण चोरी करतो हे तो स्वतःपासून लपवत नाही, आणि ही चोरी मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी आहे. शकाराजवळ यातले काय आहे?

अर्थात लेखकाचेही काही वेळा चालत नाही. इंग्लंडात सॅम्युअल रिचर्डसनने अठराव्या शतकात 'क्लॅरिसा' लिहिली. तिच्यातला लव्हलेस हा एका मुलीला फसवून तिची विटंबना करणारा नराधम. पण वाचक बायका त्याच्यावरच लुब्ध झाल्या. बिचारा रिचर्डसन हादरला आणि पुढच्या आवृत्तीत त्याने लव्हलेसला आणखी काळे फासले. उपयोग झाला नाही.

इथे मात्र थट्टा बाजूला ठेवून बोलले पाहिजे, कारण या आकर्षणाच्या पोटात एक आशा असते आणि ती महाग पडू शकते. तो जगाशी कसाही वागो, माझ्यापुढे विरघळेल. माझ्या प्रेमाने सुधारेल, अशी ती आशा. लाल्या सुधारतो, पुढे पोलीस अधिकारी होतो, हे खरे. पण त्याला माणसात आणतो तो त्याचा शिक्षक. हे काम प्रेक्षागृहातल्या प्रत्येक मुलीने मनातल्या मनात आपल्या अंगावर घेतले! संसारात ते करू गेलेली सिंधू आपण गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त पाहिली आहे. १९१९ सालचे हे नाटक. सिंधूच्या भक्तीत काही उणे होते का? तरी शेवटी मूल गेले, ती गेली, आणि सुधाकर विष प्याला.

पण सुधाकर लग्नाच्या वेळी कोण होता, हेही आठवा. बुद्धिमान, मानी वकील. आजच्या भाषेत 'अनुरूप स्थळ'. कुणाही वडिलांनी डोळे मिटून मुलगी दिली असती.

यावरून मी आचार्य अत्र्यांच्या लखोबाकडे येतो. 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगमंचावर आले. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या प्रकरणावर ते आधारलेले. फिरत्या रंगमंचावर पणशीकर पाच रूपांत येत; या नाटकाचे दोन हजारांहून अधिक प्रयोग त्यांनी केले. म्हणजे लखोबाही तेच, आणि चार वर्षांनी आलेले विद्यानंदही तेच! आता लखोबाची रूपे पाहा. तो बायकांना फसवायला गुंड होऊन जातो का? मुळीच नाही. कुठे तो सरकारी नोकरीतला दातार होतो, कुठे कॅप्टन परांजपे, कुठे चक्क राधेश्याम महाराज! चांगले आडनाव, चांगली नोकरी, चांगली भक्ती. जे जे आपण स्थळ पाहताना विचारतो, ते ते त्याच्याजवळ तयार. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकेक बाई येऊन रडते, आणि आपण लखोबाच्या बेरकीपणाला हसत टाळ्या देतो. माझ्या मते हे नाटक फसलेल्या बायकांपेक्षा स्थळे पारखणाऱ्या मंडळींना जास्त झोंबायला हवे होते.

कथेतला वांड नायक आपले दोष दर्शनी ओटीवर मांडतो आणि चांगुलपणा माजघरात ठेवतो. व्यवहारातला भामटा नेमका याच्या उलट. आज विवाहमंडळांच्या नोंदवह्या संकेतस्थळांवर गेल्या आहेत. तिथेही फसवणारा आपला फोटो टाय लावूनच देतो. पदवी, पगार, परदेशातली नोकरी सारे त्यात लिहिलेले. म्हणून एखाद्या मुलीच्या उशाशी लाल्याच्या जातीची कादंबरी सापडली, तर आईवडिलांनी ती हिसकावून घेऊ नये. त्या पोरीला निदान ढोंगाचा तिटकारा आहे, एवढे तरी तिच्या पदरात घाला. बोलायचेच असेल, तर तिच्याशी मदनिकेविषयी बोला.

आपल्या मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात कुणी 'मृच्छकटिक' पुन्हा लावील तेव्हा लावो. तोवर पुस्तक आहेच. शर्विलक दागिने घेऊन मदनिकेकडे येतो. तुझ्यासाठी मी घर फोडले, हे त्याला अभिमानाने सांगायचे असते. दुसरी एखादी नायिका एवढ्यावर भाळली असती. मदनिकेच्या काळजात मात्र धस्स होते. त्या घरात कुणाला इजा तर केली नाहीस ना, याची तिला पहिली धास्ती. दागिने तिच्याच मालकिणीचे, चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले निघतात. तेव्हा ती त्याला चांगली फैलावर घेते आणि चारुदत्ताचा माणूस म्हणून वसंतसेनेकडे जा, ते परत कर, असे बजावते. एवढा धीट चोर निमूटपणे जातो. वसंतसेना सगळे जाणून असते. ती मदनिकेला त्याच्या हाती देते, ते दागिने परत आल्यावर.