फिरत्या घराचा पाण्याचा कप्पा

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. सीवूड्समधून पनवेलमार्गे कोकणात उतरायला तुमचीही कॅराव्हॅन, म्हणजे फिरतं घर असलेली गाडी, सज्ज होत असेल, तर आधी तिचा पाण्याचा कप्पा नीट करून घ्या.

१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. म्हणून टाकी शक्यतो खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, पट्ट्यांनी घट्ट बांधावी. १२ व्होल्टच्या पंपाआधी गाळणी लावा. पंपाखाली रबर ठेवा, म्हणजे आवाज आणि हादरे कमी होतील. खड्ड्यांच्या रस्त्यावर कडक पाइपांचे जोड सैल होतात. लवचीक पाइप जास्त टिकतात. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, तेव्हा जोड पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. बॅटरी आणि वायरी पाण्यापासून वेगळ्या, उंचावर असू द्या.

सगळ्यांत खाली निचऱ्याचा नळ हवाच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करा. सांडपाणी मात्र वेगळ्या टाकीत साठवून योग्य ठिकाणीच सोडा. ज्या किनाऱ्यावर आपण पाहुणे म्हणून जातो, तो स्वच्छ राखणं आपलंच काम आहे.