शाळा पाहावी दुसरीच्या वर्गात



उन्हाळ्याची सुट्टी लागली, की ज्या घरात सहा वर्षांचे मूल आहे त्या घरात एक विषय हमखास निघतो. पोराला कोणत्या शाळेत घालायचे? आज मी बोलणार आहे ते सरकारी प्राथमिक शाळांविषयी. म्हणजे जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि महानगरपालिकेच्या शाळांविषयी. पुष्कळांचा समज असा, की या शाळा साऱ्या सारख्याच. एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. प्रत्यक्षात एकाच तालुक्यातल्या, हाकेच्या अंतरावरच्या दोन शाळांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. बालभारतीची पुस्तके तीच, शिक्षकांची वेतनश्रेणी तीच, खिचडीचा तांदूळ तोच. तरी एका शाळेतली तिसरीची मुलगी गोष्टीचे पुस्तक घडाघडा वाचते आणि दुसरीतली जोडाक्षरापाशी अडखळते. हा फरक पालकांनी ओळखायचा कसा?

माझे सांगणे थोडक्यात असे: शाळा पाहायची असेल तर तिची कमान पाहू नका, दुसरीचा वर्ग पाहा. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते आणि पुढे आयुष्यभर वाचून शिकते. हा पाया कच्चा राहिला, तर चौथीतले गणितही अडते, कारण उदाहरणच वाचता येत नाही. ‘असर’ या पाहणीत २००५ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलांना दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीतही देशातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तो नीट वाचता आला नाही. म्हणजे मूल पाचवीपर्यंत पोहोचले, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही.

मग ही पारख घरबसल्या करता येते का? येते. तुमच्या आळीत त्या त्या शाळेत जाणारी तिसरी-चौथीची मुले असतीलच. त्यांना प्रेमाने जवळ बसवा, एखादी सोपी गोष्ट वाचून दाखवायला सांगा. परीक्षा चालली आहे असे त्यांना वाटता कामा नये. दोन-दोन, तीन-तीन मुले ऐकलीत, की त्या शाळेत पहिल्या दोन वर्षांत काय घडते याचा अंदाज येतो. एकाच हुशार मुलावरून मात्र निष्कर्ष काढू नका. ते कदाचित घरी आजोबांपाशी वाचायला शिकलेले असेल.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन आणि १२० पर्यंत चार असे प्रमाण दिले आहे. आता हिशेब करा. चौथीपर्यंतच्या शाळेत ४० मुले आणि दोन शिक्षक असतील, तर एकेका गुरुजींकडे दोन-दोन इयत्ता येतात. तेवढ्यावरून शाळेला नाव ठेवू नका. दोन वर्ग एकत्र शिकवण्याची हातोटी असलेले शिक्षक मोठ्या मुलांकडून धाकट्यांना वाचून घेतात, गट पाडतात, कोणी रिकामे बसत नाही. विचारायचे ते हे, की गुरुजी एका वर्गाला शिकवत असतात तेव्हा दुसरा वर्ग काय करतो?

इथेच एक इशारा द्यावासा वाटतो. ‘त्या शाळेत अमुक बाई फार छान शिकवतात’, असे आपण ऐकतो आणि तेवढ्यावर नाव घालतो. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. आपले मूल पहिलीत जाते आणि बाई दुसऱ्या गावी जातात. म्हणून शाळेला विचारा: मागच्या वेळी चांगले शिक्षक बदलून गेले, त्यानंतर त्यांनी सुरू केलेले काय काय टिकले? वाचनाचा तास अजून आहे का? पुस्तकांचे कपाट अजून उघडे असते, की त्याला कुलूप लागले? एका माणसाचा गुण शाळेची सवय बनला असेल, तर ती शाळा खात्रीची.

तिसरी गोष्ट पटाची. पट म्हणजे कागदावरची मुले आणि हजेरी म्हणजे वर्गातली. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर पटपडताळणी झाली आणि या दोन आकड्यांत किती अंतर असू शकते ते सर्वांना कळले. आता प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्यावरून मुलांची, शिक्षकांची, वर्गखोल्यांची संख्या संगणकावर पाहता येते. ती जरूर पाहा. नंतर शाळा सुरू असताना एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एक चक्कर मारा. स्वातंत्र्यदिनी आणि स्नेहसंमेलनात प्रत्येक शाळा सुंदर दिसते. जेवणानंतरही वर्ग भरलेले आहेत का? भिंतीवर विकतचे तक्ते आहेत, की मुलांनी स्वतः काढलेली, चुकतमाकत लिहिलेली पाने? वह्या तपासलेल्या आहेत का? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? खिचडी वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चाखून तशी नोंद करायची असते. ती नोंद रोजची आहे, की एकाच शाईने महिनाभराची?

अलीकडे ‘सेमी इंग्रजी आहे का?’ हा प्रश्न पहिला येतो. त्याला माझी हरकत नाही. पण त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारा, की इंग्रजीतून गणित शिकवणार कोण? फलक बदलल्याने भाषा येत नाही. आणि ज्यांच्या घरी अहिराणी, गोंडी किंवा पावरी बोलतात, त्यांनी हेही पाहावे, की मूल घरच्या बोलीत बोलले तर वर्गात त्याला हसतात, की त्याच बोलीचा हात धरून त्याला पुस्तकाच्या मराठीपर्यंत नेतात.

अंतराचाही विचार हवा. राज्याच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी. लांबची शाळा थोडी चांगली आहे म्हणून सहा वर्षांच्या मुलाला रोज हमरस्ता ओलांडायला लावणे कितपत शहाणपणाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पावसाळ्यात बुडणाऱ्या गैरहजेरीचाही हिशेब त्यात धरावा.

श्रोतेहो, या निवडीत एक पेच आहे, तोही मोकळेपणाने बोलला पाहिजे. आपण मूल काढून दुसरीकडे नेले, की जवळच्या शाळेचा पट घटतो. पट घटला की शिक्षकाचे पद कमी होते, आणि पद गेले की उरलेल्या मुलांचे शिकणे आणखी अवघड होते. उरतात ती बहुधा ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही त्यांची मुले. म्हणून शाळा वाचवण्यासाठी आपल्या मुलाला पणाला लावा, असे मी कुणाही आईबापाला सांगणार नाही. पण दोन शाळा उन्नीस-बीस असतील, तर जवळची घ्या आणि तिच्यात लक्ष घाला. त्यासाठी कायद्यानेच वाट ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीच्या बैठकीला खरोखर कोण येते, की नुसत्या सह्या घरपोच होतात, हेही शाळा पारखण्याचे एक माप आहे. उद्या त्या समितीत तुम्हीच असाल.

सरकारी शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची परीक्षा घेता येत नाही. आईवडिलांना मात्र शाळा पारखण्याची पूर्ण मोकळीक आहे. ती मे महिन्यापुरती नसते. नाव घातल्यावर दिवाळीपर्यंत रोज दहा मिनिटे मुलाजवळ बसा, त्याचे वाचन ऐका. गाडी अडली असे वाटले तर आधी बाईंशी, गुरुजींशी बोला. तरीही काही हलले नाही, तर दुसऱ्या सरकारी शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे आणि दाखला ताबडतोब देणे शाळेला बंधनकारक आहे. बहुतेक वेळा तशी पाळी येत नाही. ज्या मुलाचे आईवडील येऊन विचारतात, त्या मुलाकडे शाळेचेही लक्ष राहते. आणि ज्या पालकांना विचारण्याची सवय नाही, त्यांच्या मुलांसाठीही दोन प्रश्न आपण विचारले, तर साऱ्या वर्गाचेच भले होईल.