पगार थांबल्यानंतरचे नव्वद दिवस



जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. कायद्याची सक्ती नसताना या गिरणीच्या मालकांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. पुढे १९८६ मध्ये गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. गिरणी बंद पडते तेव्हा बातमी अख्ख्या वस्तीला एकदम कळते. किराणा दुकानदार, घरमालक, शाळेचे मास्तर, सगळ्यांना ठाऊक होते की या घरांतला पगार थांबला आहे.

नागपूरच्याच सदर या व्यापारी भागात आज हे असे घडत नाही. रेसिडेन्सी रोडवरची शोरूम, एलआयसी चौकाजवळची कार्यालये, मंगळवारी बाजाराच्या आसपासची दुकाने; इथे एका वेळी एक-दोन माणसे कमी होतात. संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणे येते, दहा मिनिटांत विषय संपतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस डबा घेऊन नेहमीच्या वेळी घराबाहेर पडतो, कारण घरी सांगायचे धाडस झालेले नसते. हप्ते, विमा, मुलांचे क्लास, सगळे पगार चालू असल्यासारखे कापले जात राहते. खात्यातली शिल्लक संपते तेव्हाच घरच्यांना कळते.

या लपवाछपवीत वाया जातो तो वेळ. नोकरी सुटल्यानंतर येणारा पैसा आणि जाणारा पैसा, दोन्ही तारखांनी बांधलेले असतात. पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन त्या तारखा एका कागदावर उतरवणारे घर आणि दोन महिन्यांनी जागे होणारे घर, यांच्या हाती पडणाऱ्या रकमेत लाखाचा फरक पडू शकतो.

उदाहरणासाठी एक कल्पित हिशेबनीस घेऊ. सदरच्या एका वाहनांच्या शोरूममध्ये त्याने पूर्ण नऊ वर्षे काम केले. एकूण पगार २०,५०० रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये.

त्याच्यापुढे पहिला कागद येतो तो बहुधा राजीनाम्याचा. ‘नाव खराब होणार नाही, पुढे नोकरी मिळायला सोपे जाईल,’ असे गोड बोलून सही मागितली जाते. ही सही महागात पडते. मालकाने कामगाराची कपात केली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. याच संहितेत नवे कौशल्य शिकण्यासाठी एक निधी आहे. त्यातून कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात शेवटच्या वेतनाच्या दराने पंधरा दिवसांची रक्कम पंचेचाळीस दिवसांत जमा व्हायची आहे. स्वतःहून नोकरी सोडली असे लिहून दिले की या सगळ्यावर पाणी सोडावे लागते. म्हणून सही करण्याआधी कपातीचे पत्र मागावे, आणि ते मिळत नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयाची पायरी चढावी.

राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा, असे वेतन संहिता सांगते. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. तिचे गणित सोपे आहे: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षे. आपल्या हिशेबनिसाचे होतात सुमारे ९३,४६० रुपये. पाच वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे राजीनामा दिला तरी हा हक्क जात नाही.

यानंतर येतो राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआयसी. पगार दरमहा २१,००० रुपयांच्या आत असल्यामुळे त्याच्या पगारातून ही वर्गणी कापली जात होती. ईएसआयसीचे कार्ड औषधांपुरते असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगार झालेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा भत्ता मिळतो. सुरुवातीला तो सरासरी कमाईच्या पाव भाग होता, २०२० मध्ये निम्मा झाला. या हिशेबनिसाला त्यातून तीस हजारांच्या आसपास मिळू शकतात. वर्गणी भरल्याच्या काही अटी आहेत, लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, आणि स्वेच्छानिवृत्ती किंवा गैरवर्तन हे कारण असेल तर मिळत नाही. ही योजना मुदतीची असून मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जापूर्वी कार्यालयात चौकशी करून घ्यावी.

आता भविष्यनिर्वाह निधी. लोक सगळ्यात आधी धाव घेतात ती इथे, आणि खरे तर हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. २०२४-२५ साठी या पैशावर ८.२५ टक्के व्याज होते. बँकेच्या साध्या बचत खात्यात याच्या निम्मेही मिळत नाही. सलग पाच वर्षांची नोकरी होण्याआधी पैसे काढले तर ते करपात्र ठरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने नियम बदलायचे ठरवले: नोकरी सुटताच ७५ टक्के रक्कम काढता यावी, पण संपूर्ण खाते रिकामे करायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावे लागावे. त्यावर बरीच ओरड झाली. खात्यात एक चतुर्थांश पैसा शिल्लक राहिला तर निदान म्हातारपणी काही उरेल, असा मंडळाचा विचार होता.

निधी शेवटपर्यंत का जपायचा, याचे उदाहरण मुंबईत घडले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली आणि हजारो कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत थकलेल्या पगारासाठी त्यांना इतर धनकोंबरोबर रांगेत उभे राहावे लागले. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मात्र पूर्ण द्यावी, असा आदेश कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचाच हुकूम झाला. पगाराच्या थकबाकीला जे संरक्षण मिळाले नाही, ते या दोन रकमांना मिळाले.

आता जाणाऱ्या पैशाकडे. कोणते बिल मोठे यापेक्षा, न भरल्यास काय होते आणि किती दिवसांनी होते, हे पाहून क्रम लावावा. वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आयुर्विम्याचा मासिक हप्ता चुकला तर पंधरा दिवसांची सवलत असते, तिमाही वा वार्षिक असेल तर तीस दिवसांची. मुदत विमा याच काळात बंद पडला तर घराची सर्वात मोठी ढाल जाते, म्हणून तो आधी भरावा. म्युच्युअल फंडाची एसआयपी मात्र लगेच थांबवावी. खात्यात पैसे नसताना ती आली तर बँक दंड लावते. क्रेडिट कार्डाचा ‘किमान भरणा’ भरत राहिले की उरलेल्या रकमेवर वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांनी व्याज चढत जाते.

गृहकर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊ शकते. याचा अर्थ, शाखाधिकाऱ्याला भेटायची वेळ पहिला हप्ता चुकण्याआधीची आहे. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, काही महिने फक्त व्याज भरता येईल का, हे तेव्हा विचारता येते. कोविडच्या काळात, मार्च ते ऑगस्ट २०२०, रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. ज्यांनी ती घेतली त्यांना नंतर दिसले की हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते.

आजारपणाची सोयही पहिल्याच आठवड्यात बघावी, कारण कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठी शिधापत्रिका लागते. सदरमधल्या कित्येक घरांत ती जुनी, नावे न बदललेली, कपाटात पडून असते.

आतापर्यंतचा हिशेब मोठ्या शोरूमचा झाला. भविष्यनिर्वाह निधी साधारण वीस कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला लागू होतो, ग्रॅच्युइटी दहांच्या. पाच-सहा नोकरांच्या दुकानातल्या सेल्समनच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. त्याच्या घरी आधार असतो तो बायकोच्या भिशीचा, बचत गटाचा, नाहीतर सोन्याच्या चार वळ्यांचा. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका संपाच्या काळात कामगारांना उधारीवर जेवण देत आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण द्यायला काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. बेकारीच्या काळात घरचा डबा विकून संसार ओढणारी बाई सदरमध्येही आहे. तिलाही कर्ज गटातून किंवा बँकेतूनच मिळायला हवे.

कारण दुसरी वाट सोपी आणि वाईट आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारण असल्यास वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के व्याज घेता येते. महिन्याला पाच किंवा दहा टक्के मागणारा बेकायदा आहे; त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे, हे आधी बघावे. नाव सापडत नसेल तर आपले फोटो आणि फोनमधले सगळे नंबर त्यांच्या हाती देऊ नयेत. फसवणूक झालीच तर तक्रारीसाठी १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे.

आपल्या हिशेबनिसाला समजा अडीच महिन्यांनी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली. पगार थोडा कमी. रुजू होताना नवा यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा कायम क्रमांक, काढायचा नाही, जुनाच द्यायचा. म्हणजे जुना निधी नव्या खात्यात वळतो आणि सलग नोकरीची वर्षे मोडत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीबरोबर त्याच्या नावावर कर्मचारी पेन्शन योजनेतही वर्गणी जमा होत होती. तिथे दहा वर्षे झाली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून हयातभर मासिक पेन्शन मिळते. त्याची नऊ झाली आहेत. घाईत अर्ज भरून पेन्शनचे पैसेही काढून घेतले असते तर ही नऊ वर्षे तिथेच संपली असती. ती न काढता पुढे नेली, तर हिंगण्यातले एक वर्ष पुरे आहे.