हातघाईचे शिक्षण कोणासाठी?



कमांडोंच्या हातघाईच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला, की काळा पोशाख आणि कौलांची चळत फोडणारा हात डोळ्यांसमोर येतो. या विद्येची आधुनिक घडण मात्र पोलिसांच्या गस्तीत झाली. विल्यम फेअरबेर्न १९०७ साली शांघाय म्युनिसिपल पोलिसांत दाखल झाला. बंदराचे शहर, टोळ्यांचा सुळसुळाट. या दलात आपल्याकडून गेलेले शीख शिपाईही होते. फेअरबेर्न जपानी जुजुत्सू शिकला, चिनी डावपेच शिकला आणि त्यातले बरेचसे गाळून टाकले. काय ठेवायचे, हे त्याने रस्त्यावरच्या अनुभवावरून ठरवले.

त्याने सहकारी एरिक साइक्ससोबत लिहिलेल्या पिस्तुलावरच्या पुस्तकामागे शांघाय पोलिसांच्या साडेबारा वर्षांतल्या ६६६ सशस्त्र चकमकींचा अनुभव आहे. माणसे अगदी जवळ, उजेड अपुरा, नेम धरायला सवड नाही. म्हणून सरावासाठी त्यांनी घरच उभारले: अंधारे जिने, अरुंद बोळ, अचानक आवाज आणि अवचित समोर येणारी लक्ष्ये. आजच्या विशेष दलांच्या ‘किल हाउस’ नावाच्या सरावघरांचे एक मूळ तिथे आहे. १९४० साली हे दोघे ब्रिटनमध्ये कमांडोंना शिकवू लागले. त्यांच्या नावाचा खंजीर जगप्रसिद्ध झाला, पण मला त्यांची काटछाट अधिक मोलाची वाटते. तळहाताची कड, हनुवटीखाली तळव्याचा तडाखा, गुडघा, बुटाची टाच. भर अशा मोजक्या गोष्टींवर. जीव धोक्यात आला की छाती धडधडते, बोटांचे कसब जाते आणि बारा पायऱ्यांचा डाव आठवत नाही. दमलेल्या अंगाला जे जमते तेवढेच कामी येते.

आता मुंबईकडे या. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे (एनएसजी) कमांडो शहरात पोचण्याच्या कितीतरी तास आधी, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर साताऱ्याकडचे पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची रायफल हातांनी धरली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण शिपायाच्या धैर्यावर विसंबून प्रशिक्षणातली कसूर झाकणे मला मान्य नाही. हल्ल्यानंतर राज्यात फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी राहिली, ते योग्यच झाले. तरी पहिली झटापट नाक्यावरच्या माणसाच्याच वाट्याला येते.

कमांडोंचा अभ्यासक्रम जसाच्या तसा नाक्यावरच्या शिपायाला शिकवावा, असे मी म्हणत नाही. युद्धातली झटापट शत्रूला संपवण्यासाठी असते. शिपायाला माणूस जेरबंद करायचा असतो, आणि हातकडी पडताच हात आवरायचा असतो. हे आवरणेही घोटून घ्यावे लागते. रागाच्या भरात ते आपोआप येत नाही.

म्हणून दोन मागण्या. पहिली, शिपायाला दौडवून दमवा आणि बूट-पट्ट्यासह, कमी उजेडात, त्याच्याकडून मोजके डाव घोटून घ्या. संचलनाच्या मैदानावरची प्रात्यक्षिके कमी झाली तरी चालेल. दुसरी, प्रत्येक झटापटीची नोंद ठेवा: अंतर किती, उजेड कसा, हातात काय होते, कोणाला कुठे लागले, कोणता डाव फसला. प्रशिक्षकांच्या पुढच्या अधिवेशनाला प्रत्येक पोलीस घटकाने या नोंदींचे कागद घेऊन यावे, आणि ज्या शिपायाने मार खाल्ला त्याची हकीकत आधी वाचावी.